शिवेबाहेरचं कुलूप

शरिफाबाई कॉलेजात इतिहास शिकवायच्या आणि त्यांचे वडील कापडबाजारामागच्या गल्लीत कुलपं विकायचे. नगरमध्ये ओळख चालायची ती दुसरी. एम.ए. कोणी विचारायचं नाही. "कादरभाई कुलपवाल्यांची ना?" एवढंच. बाईही "हो, त्यांचीच. कुलूप हवंय का?" म्हणून मोकळ्या व्हायच्या. आता जो तो त्यांच्याविषयी गळा काढून बोलतो, त्या काळातली मुसलमान बाई, किती सोसलं असेल! सोसलं असेलच. पण मी त्यांना जिंकताना पाहिलंय आणि तेच सांगणार आहे.

एकोणीसशे एकोणपन्नासचा जानेवारी. कॉलेज नवं, आम्ही मुली मोजक्या, आणि बाईंची नेमणूक एका वर्षापुरती. कायम करायचं की घरी पाठवायचं, ते मार्चात कमिटी ठरवणार होती. बाईंच्या शिकवण्यात खोट सापडेना, म्हणून कमिटीतल्या कुणीतरी सहल पुढे केली. इतिहासाच्या प्राध्यापकानं वर्गाला अभ्यासासाठी कुठंतरी न्यायचं, असा रिवाज होता. "बाईमाणूस पोरं घेऊन कुठं हिंडणार?"

"शिंगणापूरला," बाई म्हणाल्या. "मुक्कामाला. आणि मुलीही येतील. जिल्हाभर अब्बांची कुलपं खपली, त्या गावात एक नाही खपलं. का, ते बघायचंय मला."

कमिटीनं परवानगी दिली, पण देखरेखीला संस्कृतचे राधाकृष्ण सर जोडून दिले. सहल बिघडली तर बाईंची नोकरी गेलीच, हे आम्हालासुद्धा कळत होतं.

माझ्या आईनं आधी साफ नाही म्हटलं. "दिवस कसले आहेत! आणि ज्या घरांना दारं नाहीत तिथं तरण्या पोरी झोपवायच्या?"

बाई स्वतः घरी आल्या. पाटावर बसून चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या दाराला दोन कड्या, वर आमचं कुलूप. म्हणजे चोराची भीती इथं आहे. तिथल्या लोकांना ती नाही. मग पोर कुठं बिनघोर झोपेल, तुम्हीच सांगा." आईनं उठून फडताळातून माझी सतरंजी काढली. तिनं 'नाही'चं 'हो' केलेलं मी आयुष्यात तेवढंच पाहिलं.

घोडेगावापर्यंत सर्व्हिस मोटार आणि पुढं बैलगाड्या. गाव तेव्हा अगदी लहान. घरांना चौकटी होत्या, पण फळ्या नाहीत. कुत्री शिरू नयेत म्हणून कुठं कुडाचा तट्ट्या टेकवलेला, इतकंच. राहीबाई नावाच्या म्हातारीच्या घरी आम्हा मुलींची सोय होती. बाई तिच्या चौकटीबाहेर थबकल्या आणि मोठ्यानं खाकरल्या.

आतून राहीबाई हसत आली. "अगं बया! आमची गडीमानसं खाकरत्यात तशी खाकरलीस की!"

"आमच्या गल्लीत दाराला तरटाचा पडदा असतो, आजी. आत बायका असतात, म्हणून पाहुण्यानं आधी आवाज द्यायचा."

"मंग तुमचं आन् आमचं येकच हाय. ये आत."

इथवर सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. गाडीतून राधाकृष्ण सरांची पत्र्याची पेटी उतरवली होती आणि तिला हे एवढं कुलूप! दारं नसलेल्या गावात कुलूप लावलेली पेटी घेऊन यायचं, हा पराक्रम आमच्या कॉलेजच्याच माणसाला जमावा.

पुंजाराम नावाचे म्हातारे गावकरी काठी आपटत म्हणाले, "मास्तर, आमी काय चोर हाय व्हय? गावात कुलूप चालत न्हाई. देवाला खपत न्हाई. काढा ते."

सरांनी खिसे चाचपले. कोटाचे, सदऱ्याचे, पुन्हा कोटाचे. किल्ली नगरला खुंटीवर राहिली होती.

"मंग फोडा."

"फोडू नका! सासऱ्यांची पेटी आहे," सर कळवळले. तरी दोघांनी दगड घातलेच. कुलूप ढिम्म. बाई जवळ गेल्या, वाकून बघितलं आणि गालात हसल्या. "नाही तुटायचं. आमच्याच दुकानातलं आहे."

पोरं फिदीफिदी हसली आणि पुंजाराम आणखी भडकले. "हसायला काय झालं? गाड्या जुपा आन् समदे चालते व्हा!"

आमचे चेहरे उतरले. सहल अशी परतली असती तर नगरात काय बोललं गेलं असतं, ते सांगायला नको. बाईंनी पदर सावरला. सरांना बोल लावला नाही, गावालाही नाही.

"बाबा, तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही मशिदीत जाताना चपला बाहेर काढतो. तुम्ही देवळात जाताना तेच करता. चपलेला कोणी शिव्या देत नाही, तिची जागा बाहेर, एवढंच. तुमचं सगळं गावच देऊळ आहे, तर हे कुलूप शिवेबाहेर ठेवू. माणसं आत, कुलूप बाहेर. चालेल?"

पुंजारामांनी दाढी खाजवली. बाजूच्या माणसाकडं पाहिलं. मग म्हणाले, "पोरगी लई शहानी हाय. चाललं."

पेटी शिवेपलीकडं लिंबाखाली गेली. आणि सर? पेटी एकटी सोडवेना, म्हणून तेही गेले. चोरी न होणाऱ्या गावाच्या वेशीवर आमचे संस्कृतचे प्राध्यापक दोन दिवस पेटीवर पहारा देत बसले! देखरेख झाली ती पेटीची. दोन्ही वेळा पिठलं-भाकरी बाईंनी स्वतः नेऊन दिली.

इकडं बाईंचा वर्ग असा रंगला की पुन्हा तसा रंगलेला मी पाहिला नाही. ओसरीवर बायका, अंगणात पोरं, आणि प्रश्नांवर प्रश्न. गावच्या देवाच्या चौथऱ्यावर बायकांनी जायचं नाही म्हणून आम्ही खालीच उभ्या राहिलो, तेव्हा मी चिडले. बाई म्हणाल्या, "चीड, पण आधी नीट बघ. न बघता चिडणारे कमिटीत पुष्कळ आहेत."

मार्चात कमिटी बसली. बाईंना विरोध करणाऱ्यांनी राधाकृष्ण सरांना मुद्दाम बोलावलं. पुढचं सरांनीच आम्हाला सांगितलं, लाजत लाजत.

"काय पाहिलंत?" असं त्यांना विचारलं.

"काही नाही. मी गावाबाहेर होतो."

"म्हणजे बाईंनी तुम्हाला बाहेर काढलं?"

"मला नाही, माझ्या कुलपाला. मीच त्याच्याबरोबर गेलो. त्या नसत्या तर सगळ्यांनाच गावानं हाकललं असतं, आणि दोष माझा असता. सहल त्यांनी नेली, त्यांनीच राखली. आता त्यांना कायम करायचं नसेल, तर पुढची सहल तुम्ही न्या."

कोणी पुढं आलं नाही. बाई कायम झाल्या.

कादरभाईंनी अख्ख्या बाजारात पेढे वाटले. पुढच्या वर्षी बाईंनी पैठण ठरवलं. राधाकृष्ण सर सगळ्यांच्या आधी मोटारीपाशी हजर. बरोबर वळकटी, सुतळीनं बांधलेली.

"पेटी?" बाईंनी विचारलं.

"सासऱ्यांना परत केली," सर म्हणाले, आणि मुलींसाठी पुढची जागा सोडून मागे जाऊन बसले.