डाव्या बाजूचा बोल्ट

माझ्या रायफलचा बोल्ट डाव्या बाजूला आहे. हे मी इथल्या, अमेरिकेतल्या मराठी घरांतून सांगते तेव्हा लोक ‘रायफल’ या शब्दापाशीच अडकतात, बोल्टपर्यंत कोणी पोचत नाही. एखादी मावशी हातातली प्लेट खाली ठेवते. एखादे काका खुर्ची जवळ ओढतात आणि देशाच्या परिस्थितीवर बोलू लागतात. माझा नवरा जन्माने आणि वृत्तीने पनीरवाला. तो पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात निघून जातो. पण मला सांगायचं असतं ते बोल्टचंच.

बोल्ट म्हणजे बाथरूमच्या दाराची कडी समजा. वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली पाडायची. एवढं केलं की एक गोळी नळीत बसते. दुसरी झाडायची तर पुन्हा तेच. अशा रायफलने फार घाई करता येत नाही, आणि हरणाच्या शिकारीत घाई नसलेलीच बरी. ही कडी जवळजवळ सगळ्या रायफलींना उजवीकडे असते, कारण जग उजवं आहे. मी नाही. हे कबूल करायला मला चाळीस वर्षं लागली, आणि त्यासाठी एक म्हातारा शेजारी, एक कागदी प्लेट आणि माझी आई एवढ्यांना कामाला लागावं लागलं.

चँडलरला आम्ही घर घेतलं तेव्हा शेजारच्या घरात एकटेच राहणारे एक गृहस्थ होते. उभी हयात कालव्यांच्या दारांची दुरुस्ती करण्यात गेलेली, बायको वारलेली, दोन मुली दूरच्या राज्यांत. माझी मुलगी त्यांना ग्रँडपा म्हणू लागली, म्हणून मीही मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणते. तोंडावर मात्र नावाने हाक मारते, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी तशी ताकीद दिली होती.

पहिल्या हिवाळ्यात त्यांनी एका डब्यात हरणाचं मांस आणून दिलं. मी नागपूरची. सावजी मसाला घालून त्याचा काळा रस्सा केला आणि त्यातलाच थोडा त्यांच्या डब्यात भरून परत पाठवला, कारण आलेला डबा रिकामा परत द्यायचा नसतो. दुसऱ्या दिवशी ते दारात उभे. कान अजून लाल. डब्यात त्यांच्या झाडाची लिंबं होती. मग मी लोणचं घालून डबा पाठवला. तो डबा आमच्या दोन घरांमध्ये गेली सात वर्षं फिरतो आहे, आणि एकदाही रिकामा गेलेला नाही.

एकदा ते म्हणाले, “खातेस ना, मग एकदा ते येतं कुठून तेही बघ.” दोन वर्षं मी नुसतीच त्यांच्यामागून डोंगरात हिंडले, गळ्यात दुर्बीण अडकवून. मग शिकारीचा सरकारी कोर्स केला. इथे रायफलने हरीण मारायचं तर परवान्याची सोडत निघते, मुंबईतल्या सरकारी घरांसारखी. तिसऱ्या खेपेला माझा नंबर लागला. आजोबांनी स्वतःचे गुडघे चोळले आणि म्हणाले, “बरं झालं. ह्यांचा हा शेवटचाच सीझन आहे.”

त्यांची एकच अट होती. शंभर यार्डांवरून कागदी प्लेटमध्ये पाचपैकी पाच गोळ्या. चार चालणार नाहीत. “पाचवी गोळी ज्या हरणाच्या पोटात लागते ते तीन दिवस कुठेतरी झुडपात मरत पडतं,” असं ते म्हणाले होते. “मी एकदा तसं केलंय. तुला ते करू देणार नाही. नाही जमलं तर पायथ्याशी कॉफी पिऊ आणि परत येऊ.”

आणि मग त्यांनी कपाटातून स्वतःची रायफल काढून माझ्या हातात दिली. पहिल्या पगारातून घेतलेली, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, गालाच्या जागी रंग उडालेला. म्हणाले, “मी आता हिचा वापर करणार नाही. तू कर.”

ती मला होणार नाही हे तिथल्या तिथे कळलं होतं. दस्ता सहा फुटी माणसासाठी केलेला, मी पाच फूट एक इंच. पण आपल्या वडीलधाऱ्या माणसाने पन्नास वर्षं जपलेली वस्तू पुढे केल्यावर ‘मला होत नाही’ असं म्हणायला जीभ उचलत नाही. मी थँक यू म्हणाले, ती घेतली, आणि माझं वनवासाचं पर्व सुरू झालं.

पाचपैकी दोन. पाचपैकी तीन. एकदा पाचपैकी एक. धक्का असा बसायचा की दुसऱ्या दिवशी ऑफिसात माउस धरताना खांदा कळवळायचा. शिवाय मला डावा डोळा एकटा मिटताच येत नाही. उजवा मिटतो, डावा मिटायला गेले की दोन्ही मिटतात. म्हणून मी नेमबाजीच्या रेंजवर डाव्या डोळ्यावर रुमाल बांधू लागले. बाजूच्या बाकावरची माणसं बघायची आणि सभ्यपणाने मान वळवायची. रायफलला दोष द्यायची तर सोयच नव्हती. नाचता येईना अंगण वाकडे, असं माझं मलाच ऐकू यायचं.

सीझनला तीन आठवडे उरले तेव्हा मी एक पाप केलं. रेंजवर एकटी गेले, प्लेट पन्नास यार्डांवर लावली, आणि पाच भोकं पाडून ती आजोबांना नेऊन दिली. “शंभर?” त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. त्यांनी ती प्लेट मॅग्नेटने फ्रिजवर लावली, दोन्ही मुलींच्या फोटोंच्या मधोमध. त्या दिवशी मी त्यांच्याकडे कॉफी प्यायले ती कशी प्यायले, माझं मला ठाऊक.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती. एका दुपारी मी दिवाणखान्यात रिकामी रायफल खांद्याला लावून मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर नेम धरायचा सराव करत होते, डोळ्यावर रुमाल बांधून. आई जवळच मेथी निवडत बसली होती. बराच वेळ बघत राहिली.

“हे उजव्या हातानं काहून करून राहिली तू?” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“तुझा हात डावा ना.”

इतक्या साधेपणाने म्हणाली, जणू चष्मा विसरलीस असं सांगत होती. मी लहानपणी डावरी होते. मी जेवायला बसले की आई माझा डावा हात रुमालाने कमरेशी बांधायची. शाळेतल्या बाईंनी पट्टी वापरली. दोनेक वर्षांत मी उजवी झाले. उजव्याने लिहिते, उजव्याने जेवते, उजव्याने हळदीकुंकू लावते. फक्त सुईत दोरा ओवताना, आणि कंपनीत मायक्रोस्कोपखाली चिमटा धरताना, काम आपोआप डाव्या हातात जातं. त्याचं मला कधी आश्चर्यही वाटलं नव्हतं.

मी रुमाल काढला आणि रायफल डाव्या खांद्याला लावली. बोल्ट आता पलीकडे गेला, दस्ता लांबचा लांबच राहिला, पण रायफलीवरच्या दुर्बिणीतलं चित्र एकदम गोल आणि स्वच्छ. भिंतीवरच्या पालीची बोटं मोजता आली असती. उजवा डोळा आपला आपण मिटला.

“तो हात मीच बांधला होता,” आई मेथीकडे बघत म्हणाली. “तुझ्या बाबांच्या साहेबांकडे जेवायला गेलो होतो. सारे तुझ्याकडंच पाहत होते. मला लाज वाटली.” मग थोड्या वेळाने, “तेव्हा समजत नव्हतं.”

मला तिचा कधी राग आला नाही असं लिहिलं तर छान दिसेल, पण ते खोटं होईल. आला होता, पुष्कळदा. त्या दुपारी मात्र तो शोधूनही सापडेना. मी तिला प्लेटची भानगड सांगून टाकली. तिने निवडलेली मेथी बाजूला सारली. “भीड भिकेची बहीण,” ती म्हणाली. “जाऊन सांग त्यांना. म्हाताऱ्या माणसाला फसवते काय?”

मी गेले. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, फ्रिजवरची प्लेट काढली, उजेडात धरून पाहिली.

“किती यार्ड?”

“पन्नास.”

“रायफल आवडली नाही?”

“फार आवडली. पण ती मला होत नाही. आणि मी डावरी आहे.”

“मग आधी का नाही बोललीस?”

भीड हा शब्द इंग्लिशमध्ये कसा सांगायचा ते मला सुचेना. मी म्हणाले, आमच्याकडे मोठ्या माणसाने काही दिलं तर नको म्हणता येत नाही. त्यांना लागलं होतं, ते दिसत होतं. मग म्हणाले, “माझ्या मुलींना मात्र ते चांगलं जमतं. दोघींनीही ही रायफल नको म्हटलंय.” आणि प्लेट कचऱ्यात टाकून त्यांनी गाडीची किल्ली घेतली.

बंदुकांच्या दुकानात आम्ही तिघे गेलो. किल्ली आजोबांनी माझ्या नवऱ्याच्या हातात दिली, त्याला ड्रायव्हर म्हणून बरोबर घेतलं होतं. काउंटरवरचा माणूस सगळं माझ्या नवऱ्यालाच समजावून सांगू लागला. नवऱ्याने पाचेक मिनिटं अगदी गंभीरपणे मान हलवली आणि मग म्हणाला, “सर, आय ईट पनीर. शी इज द कस्टमर.” त्या माणसाने हसून माफी मागितली. पुढे त्याने फार मायेने मदत केली, हेही सांगायला हवं.

एका अख्ख्या भिंतीवर रायफली टांगलेल्या होत्या. डाव्या हाताच्या दोनच. एक लांब नळीची, जड, खूप दूरवरच्या नेमासाठी. ती घेऊन डोंगर चढायचा तर मलाच कोणीतरी उचलून न्यावं लागलं असतं. दुसरी आखूड दस्त्याची, हलकी, आजोबांच्या रायफलपेक्षा लहान गोळीची, म्हणून धक्काही कमी. रंग करडा आणि दस्ता प्लास्टिकचा. प्लंबरच्या सामानात ठेवली असती तर ओळखू आली नसती. माझं मन अक्रोडाच्या लाकडावर होतं, ते आजोबांनी ओळखलं.

“डोळे मीट,” ते म्हणाले. “खांद्याला लाव. गाल टेकव. आता उघड.”

मी डोळे उघडले तर दुर्बिणीतलं वर्तुळ पूर्ण भरलेलं, कडेला काळी सावलीसुद्धा नाही. मान ताणावी लागली नाही, हात लांबवावा लागला नाही. डाव्या हाताने कडी वर, मागे, पुढे, खाली. तो हात हे कधी शिकलाच नव्हता, आणि त्याला शिकवावं लागलं नाही.

“हीच,” आजोबा म्हणाले. “दिसायला कशी आहे ते हरीण बघत नाही.”

पुढच्या रविवारी ते स्वतः रेंजवर माझ्यामागे खुर्ची टाकून बसले. शंभर यार्ड, पाच गोळ्या. पाचही आत. आजोबांनी चालत जाऊन प्लेट स्वतःच्या हाताने काढून आणली, त्या गुडघ्यांनी. ती प्लेट आता त्यांच्या फ्रिजवर आहे. त्यांची जुनी रायफल त्यांच्याच कपाटात आहे, आणि महिन्यातून एकदा मी जाऊन तिला तेल लावते. भिडेपोटी नाही, आवडीने.

हरीण त्या सीझनला एका गोळीत पडलं. दीडशे यार्डांवर, जुनिपरच्या झाडांमध्ये, सकाळच्या उन्हात. जागचं हललंही नाही. आजोबांनी डोक्यावरची टोपी काढली. मी हरणाच्या मानेवर हात ठेवला, ती अजून गरम होती, आणि मला रडू आलं. पश्चात्तापाचं नव्हतं ते. त्या जिवाचे, त्या डोंगराचे, शेजारी उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्याचे उपकार एकदम अंगावर आले. नवरा पायथ्याशी गाडीत थांबला होता. तो वर आला आणि मांसाच्या पिशव्या पाठीवर घेऊन त्याने तीन फेऱ्या केल्या. “यार, वास येतोय,” एवढंच म्हणाला.

पण ह्या सगळ्यात माझ्या मनात ठाण मांडून बसली आहे ती आदल्या दिवशीची दुपार. आजोबांनी गाडीत सामान भरलं होतं, हॉर्न एकदा वाजून झाला होता. मी बूट घालून दारात उभी होते. आई वाटी घेऊन आली. दहावीच्या परीक्षेला, पहिल्या इंटरव्ह्यूला, अमेरिकेच्या विमानाला, प्रत्येक वेळी तिने मला दारात थांबवून हातावर दही-साखर घातली आहे. मी सवयीने उजवा हात पुढे केला.

आईने चमचा वाटीतच ठेवला आणि माझा उजवा हात हळूच खाली केला.

“तो नको,” ती म्हणाली. “ज्याला काम आहे त्याला दे.”

मी डावा हात पुढे केला. त्या तळव्यावर आजवर कोणी तीर्थ घातलं नव्हतं, प्रसाद ठेवला नव्हता. आईने तो स्वतःच्या हातात धरला, मनगटाशी, जिथे रुमालाची गाठ यायची तिथे, आणि त्यावर दही-साखर घातली.