चाळीस घरांचा आराखडा

माझ्या ताईचा नवरा म्हणजे आमचे भाऊजी. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचा धंदा बंद पडून ओस राहिलेल्या माळावर सफाईचं काम निघालं, तेव्हा आम्हा चाळीस मजुरांच्या सुरक्षेचा आराखडा त्यांनीच लिहिला. फुटक्या बॅटऱ्यांतलं शिसं तिथल्या मातीत मिसळलेलं. ते धुळीतून पोटात जातं, आणि लहान मुलांच्या तर थेट डोक्यावर परिणाम करतं.

बाप रे, काय ती शिस्त! माती आधी भिजवायची, मगच फावडं लावायचं. मास्क गालाला घट्ट बसावा म्हणून माझी दहा वर्षांची दाढी पहिल्याच दिवशी उतरवली. मेहुणा म्हणून सवलत कसली? उलट दोन शिव्या जास्तच. सुटीच्या वेळी तंबूत जायचं, कपडे-बूट उतरवायचे, आंघोळ करायची आणि घरचे कपडे घालून पलीकडून बाहेर. एकदा मी तसाच सटकत होतो, तर सगळ्यांदेखत कान धरून मागे आणलं. म्हणाले, "घरी पोरं आहेत ना? मग माळ इथेच सोडून जायचा." आम्ही त्यांना पाठीमागे 'साबणवाले' म्हणायचो.

साबणवाले स्वतः मात्र तंबूत कधी गेले नाहीत. ते कुठे फावडं मारत होते? फाइल काखेत मारून दिवसभर ढिगाऱ्यांवरून हिंडायचे, मध्येच ती मातीवर टेकवायचे आणि संध्याकाळी तशीच घरी न्यायचे. घरी दोन वर्षांची नात. आराखडा बदलला की जुने पाठकोरे कागद तिचे. त्यांच्या मांडीवर बसून ती रेघोट्या ओढायची आणि बोटं चोखायची. तिला बोलायला उशीर होत होता. भाऊजी म्हणायचे, बोलेल सावकाश, घाई कसली.

सहा महिन्यांनी मजुरांच्या मुलांचं रक्त तपासलं. तेही आराखड्यात होतं म्हणूनच. नातीचं नाव यादीत नव्हतं, ताई तिला आपणहून घेऊन आली. आमची सगळ्यांची पोरं ठणठणीत निघाली. वाईट अहवाल एकच आला, तो तिचा. घरातलं माळावर कोण काम करतं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. भाऊजी म्हणाले, "कुणी नाही. मी फक्त कागद..."

लोक म्हणाले, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. म्हणणाऱ्यांचं काय जातं? मला त्यांचाही राग आला आणि माझाही. धुळीचे बूट घालून साहेब घरी निघालेले आम्ही चाळीसजण रोज बघत होतो. साहेबाचा कान कोण धरणार? मी तर घरचा माणूस होतो, आणि मीही तोंड उघडलं नाही.

आता भाऊजी तंबूत सगळ्यांच्या आधी जातात. फाइल माळावरच राहते. नातीच्या रक्तातलं शिसं हळूहळू उतरतंय, पण झालेलं नुकसान भरून यायचं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. परवा पोरगी तीन वर्षांची झाली. अजून 'आजोबा' म्हणत नाही.