पिवळी पट्टी

"चाल. पट्टीवरून चाल. पाय बाहेर पडला की अजून एक पेग."

दीपेशशेठ म्हणाला आणि सगळे हसले. गोदामाच्या फरशीवर पिवळी पट्टी असते. माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टने कुठून जायचं, माणसांनी कुठून, ते कळावं म्हणून मारलेली. दसऱ्याची दुपार होती. पूजा उरकली होती, फोर्कलिफ्टला झेंडूचे हार घातले होते, पॅकिंगच्या पोरींच्या हातात पेढ्यांचा पुडा देऊन त्यांना घरी पाठवलं होतं. मग शटर अर्धं खाली आलं आणि पुरुष 'बसले'. बसले म्हणजे काय ते सांगायला नको.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा. ठाण्याजवळच्या पूर्णा गावातल्या त्या गोदामात माल स्कॅन करायचो. जमीन दीपेशशेठच्या बापाची, लेबरचा ठेकाही त्यांचाच. म्हणजे माझी ड्युटी त्याच्या हातात. मी डोंगराकडच्या पाड्यावरचा, आदिवासी. चालताना माझी कंबर हलते. लहानपणापासून हलते.

"तुमच्यात तर बाया बी पितात," तो म्हणाला. "तू बाईपेक्षा बी गेलास का रं? मार. दोन पेगांत तुजी चाल मर्दाची होईल."

मी प्यालो. पट्टीवरून चाललो. पडलो. कोणीतरी मोबाईल धरला होता. आणि सगळ्यांत मोठ्याने हसत होता रोशन.

रोशन शेजारच्या कशेळी गावचा, फोर्कलिफ्ट चालवायचा. मला पोरी नाही, पोरगे आवडतात. त्यालाही. वर्षभर आम्ही एकमेकांचे होतो आणि गोदामात कोणाला पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "हसलो नसतो तर माझ्यावर आलं असतं. तू पण शीक जरा. हातात ग्लास असला की कोणी संशय घेत नाही."

शिकलो. दर शनिवारी शिफ्ट सुटली की शिकलो. आवाज जाड करायचा, पाय फाकवून बसायचं, एका दमात ग्लास रिकामा करायचा, तोंड वाकडं करायचं नाही. लोकांचा संशय गेला की नाही कोण जाणे, पण तो माझ्यात येऊन बसला. कोणी 'भाऊ' म्हटलं तरी वाटायचं, याने का म्हटलं? कोणी मोबाईल काढला की माझे पाय आपोआप ताठ व्हायचे.

एकदा रोशन मला ठाण्याला घेऊन गेला. आमच्यासारख्या पोरांची पार्टी होती, कोणाच्या तरी फ्लॅटवर. इथे तरी मोकळं बसू, असं वाटलं. तिथेही आधी ग्लासच आला. एकजण मला वरखाली बघून म्हणाला, "जास्त बायकी नको हां आपल्याला." रोशनने माझा ग्लास पुन्हा भरला. त्याचा आलेला राग मी त्या ग्लासात बुडवला. अजूनही त्या दिवसाची मला चीड येते.

शिमग्याला पाड्यावर गेलो. आईने ताडी काढली. आमच्यात आई, बाप, मावश्या सगळे एकत्र बसून पितात. आधी दोन बोटं बुडवून थेंब भुईला द्यायचे, वाडवडिलांना. मग आपण. चालायला लागायच्या आधीपासून हे बघत आलोय. त्या दिवशी पेला हातात आला आणि मी एका दमात संपवला. भुईला काही नाही. रिकामा पेला उलटा करून दाखवलासुद्धा.

आई ओरडली नाही. उलटा पेला माझ्या हातातून घेतला. मग म्हणाली, "कोन बघतंय रं तुला हितं? कुनाला दावतोस?"

फरशीवर पडलो तेव्हा वाटली नव्हती एवढी लाज वाटली. वाडवडिलांच्या वाटणीचे थेंब मी दीपेशशेठच्या धाकाने गिळले होते. माझ्या आईच्या अंगणात, जिथे मला कोणी काही विचारत नव्हतं.

पुन्हा दसरा आला. पुन्हा हार, पुन्हा पेढे, पुन्हा अर्धं शटर.

"चल रं," दीपेशशेठने ग्लास पुढे केला. "बघू पास झालास का."

ग्लास घेतला. दोन बोटं बुडवली. थेंब फरशीवर सोडले. मग ग्लास तसाच भरलेला फोर्कलिफ्टच्या पायरीवर ठेवला.

"हे काय नाटक?"

"आमच्यात पिन्याची रीत हाय, शेठ. परीक्षेची न्हाय."

आणि चाललो. शुद्धीत. पिवळ्या पट्टीवरून, कंबर हलवत, माझी आहे त्याच चालीने, शटरपर्यंत. मागून कोणीतरी "छक्का" म्हणालं. आवाज रोशनचा होता. तो आवाज मी अंधारातही ओळखला असता. मी वळलो नाही. अर्ध्या शटरखालून वाकून जायचं मनात आलं नाही. दोन्ही हातांनी शटर वर ढकललं आणि बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी गेटवर निरोप होता, ड्युटी नाही.

आता जवळच्याच राहनाळला दुसऱ्या गोदामात आहे. तिथेही पट्टी पिवळीच आहे. तिथेही शनिवारी कोणी ना कोणी विचारतं, "बसतोस का?" मी आधी बघतो, मोबाईल कोणाच्या हातात आहे, शटर कुठवर आलंय, हसायला कोण तयार बसलंय. संशय गेलेला नाही. जाऊ देणारही नाही, आता तोच मला सावध ठेवतो.

प्यालो तर आईशेजारी बसून पिईन, भुईला देऊन. मी पुरुष आहे का, हे बघायला पुढे केलेला ग्लास यापुढे धरणार नाही. शेठच्या हातचा नाही, आणि रोशनच्या हातचा तर नाहीच नाही.