ज्वालामुखीचं बेट, दोन रोल आणि माय

शेजारच्या निखिलने हनिमूनसाठी मॉरिशसची तिकिटं काढली आणि मला विचारलं, "काका, तुम्ही गेले होते ना? पाहण्यासारखं काय हाये तिथं?" तोंडी सांगायला बसलो असतो तर बिचाऱ्याच्या लग्नाचा मुहूर्त टळला असता. म्हणून हे लिहून काढतोय. सहल ऐंशीच्या दशकातली आहे, तेव्हा भाडी आणि बसचे मार्ग माझ्या भरवशावर ठेवू नका. दगड आणि ऊन मात्र तेच असणार.

मी तेव्हा वरठीच्या शाळेत मास्तर होतो. माझी मोठी बहीण, शकुनताई, नवऱ्याबरोबर मॉरिशसला होती. भाऊजी तिथल्या साखर कारखान्यात इंजिनीअर. तीन वर्षांच्या करारावर गेले होते आणि तो करार संपत आला होता. पुढे काय, याबद्दल ताईच्या पत्रात चकार शब्द नसायचा. हवा, पाणी, पोरांची शाळा, सगळं यायचं. परत येणार की नाही, तेवढं राहायचं. दिवाळीच्या सुट्टीसाठी भाऊजींनी माझं तिकीट पाठवलं, तेव्हा सर्वांत जास्त आनंद मायला झाला.

मायबद्दल आधी सांगायला हवं. बाबा रेल्वेत होते, त्यामुळे आमचं बालपण क्वार्टरमध्ये गेलं. क्वार्टरच्या अंगणात माय वांगी लावायची, मिरची लावायची, कुंपणावर वालाचा वेल चढवायची. शेजारणीने एकदा हौसेने आंब्याचं रोप आणून दिलं, ते मायने हात जोडून परत केलं. "जिथून उठाचं हाये तिथं आंबा कायले लावाचा? आपण चाललो जातो, तो तिथंच उभा राह्यते." बाबा निवृत्त झाल्यावर आमच्या गावी, कोंढ्याला, घर बांधायला घेतलं, तर भिंती कमरेएवढ्या व्हायच्या आत हिचा आंबा लावून झाला होता. घराला लागून एक मोकळा तुकडा होता. ती ताईची जागा. ताई आली की तिथं घर बांधणार, म्हणून माय तिथं गवतही वाढू देत नसे.

मी फोटोंचा वेडा. भंडाऱ्यातल्या एका ओळखीच्या स्टुडिओवाल्याचा कॅमेरा मागून आणला आणि रंगीत फिल्मचे दोन रोल घेतले. गावात बातमी फुटली की मास्तर ज्वालामुखीचे फोटो काढायला चाललाय. पारावर एकाने विचारलं, "आग सुरू हाये का इझली?" इझली, हजारो वर्षांपूर्वी, असं सांगितल्यावर त्याचा माझ्यातला रस संपला.

निघताना मायने चिन्नोर तांदळाची थैली दिली आणि हळूच म्हणाली, "समुद्राचे फोटो काढून नको येऊ. तिचे आणजो. येते का नाही ते इचारजो. कागदावर ते सांगत नाही, तू पाहून ये."

वरठी स्टेशनवरून मुंबईची गाडी, मुंबईहून विमान. तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्याने थैली उघडली. "चावल? यहाँ भी मिलता है." मी म्हटलं, "साहेब, ये चिन्नोर है." त्याने एक मूठ नाकाशी नेली आणि थैली स्वतः बांधून दिली. तिथले बरेच लोक भोजपुरी बोलतात, त्यामुळे आपली नागपुरी हिंदी खपून जाते. पैसाही रुपयाच, फक्त किंमत वेगळी.

विमानतळापासून घरापर्यंत दुतर्फा ऊस. उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे माणसापेक्षा उंच ढीग. ज्वालामुखीने ओकलेले दगड वेचून वेचून लोकांनी जमीन काढली, असं भाऊजींनी सांगितलं. मी गाडी थांबवून तीन फोटो काढले. ताई दारात उभी होती. मला बघून आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "किती वाळला रे. यंदा मंडईत दंडार कोणती हाये?" दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, आणि तिथलं रात्रभराचं नाटक, दंडार, सोडून मी आलो होतो, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी क्यूरपीपच्या ज्वालामुखीवर. बस हळू जाते, पण खिडकीतून फोटो काढणाऱ्याला बरी. काठावर उभं राहून आत डोकावलो, तर झाडंच झाडं आणि तळाला थोडं चिखलपाणी. आमच्या गावची बोडी, म्हणजे शेतातलं लहान तळं, उन्हाळ्यात दिसते तसंच. एवढ्यासाठी मी समुद्र ओलांडला होता. माझा चेहरा बघून भाऊजी म्हणाले, "आग पाहाची होती तर घरी थांबाचं ना. तुमची ताई काल तेलाची वाट पाहून राहिली होती, मी आणाले विसरलो." पण काठाकाठाने चालत गेलं की चहूकडे डोंगर दिसतात, टोकदार, कोणीतरी चिमटीत धरून वर ओढल्यासारखे. तिथं सकाळी जा. दुपारी ढग येतात.

शामारेलची सात रंगांची माती मात्र नावाला जागते. तांबडी, जांभळी, तपकिरी, ढेकळं नाहीत, नुसत्या लाटा. ऊन तिरपं असताना जा, डोक्यावर आलं की सगळे रंग एक होतात. गंगा तलावावर धुकं होतं आणि एक म्हातारी पाण्याला नमस्कार करत होती. न विचारता फोटो काढायला मन झालं नाही. पाऊस कधीही येतो, कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी हवीच. पोट भरायला रस्त्यावर ढोलपुरी घ्या: चण्याच्या डाळीची मऊ पोळी, आत घेवड्याची भाजी. पुरणपोळी गूळ विसरली असं मी म्हटलं, तर विकणारी बाई मनापासून हसली. समुद्रावर पांढरी वाळू आणि काळे खडक शेजारी असतात. फोटोत एकाचा उजेड सांभाळावा तर दुसरं बिघडतं. माझा अर्धा रोल त्या भांडणात गेला.

आठवडा असा संपत आला. रोज संध्याकाळी मी विचारायचं ठरवायचो. एकदा जेवताना विचारलंच, "मग, पुढच्या उन्हाळ्यात येता ना परत?" भाऊजींनी ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "भात घे अजून. चिन्नोर हाये, उरवू नको." एवढंच. मी पुन्हा विचारलं नाही. तिच्या आवाजानेच दार लावून घेतलं होतं.

शेवटच्या दिवशी रोलमध्ये मोजकीच जागा उरली होती. अंगणात बोगनवेल मस्त फुलली होती. मी ताईला तिथं उभं केलं, पदर सारखा केला, कॅमेरा डोळ्याला लावला, तर बाईसाहेब चालत्या झाल्या. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला छातीएवढं एक रोप होतं, त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"इथं काढ."

"सूर्य तुझ्या मागं हाये. तोंड काळं येईल."

"येऊ दे."

"ताई, मायला तुझं तोंड पाहाचं हाये."

"तुले फोटो काढता येते का नाही? झाड पुरं आलं पाह्यजे. खालून वरपर्यंत." तिने एक फांदी हातात धरली. आमच्या घरातला हट्ट मला ठाऊक आहे, तो मायकडून आलेला आहे. मी चिडून बटण दाबलं. मग रोल संपवायला बोगनवेलीपाशी एक चांगला काढला. त्यात ती हसली आहे, उजेडही नीट आहे.

रोल नागपूरला धुवायला दिले. फोटो हातात आले तोवर धान कापून झालं होतं. कोंढ्याला गेलो, ओसरीवर बसून मायला एकेक दाखवत गेलो. दगडांचे ढीग, ज्वालामुखी, सात रंगांची माती. माय "हं" म्हणत होती. बोगनवेलीचा फोटो बघून म्हणाली, "बरी दिसते." शेवटी मी तो काळा फोटो उलटा ठेवू लागलो. "हा बिघडला. ऐकतच नव्हती."

मायने तो ओढून घेतला. उजेडात तिरपा धरला. ताईचा चेहरा दिसतच नव्हता. मागून ऊन आल्यामुळे झाडाची कोवळी पालवी मात्र तांबूस पेटली होती, पान न् पान मोजून घ्यावं अशी.

"आंबा होय ना हा?" माय म्हणाली.

मी बघितलं. आंबाच होता. आठवडाभर मी त्याच्या शेजारी दात घासले होते.

"तिनंच उभं राहून काढाले लावला?"

"हो."

 मायने फोटोवरून अंगठा फिरवला, ताईच्या चेहऱ्यावरून नाही, झाडावरून. "चांगला जगवला," म्हणाली. "राह्यते मग शकुन तिथंच. सुखाची हाये." आणि पदर डोळ्याला लावून आत गेली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मला फार वाईट वाटलं, आणि ताईचा अभिमानही वाटला. जे तिला लिहिता येईना ते तिने मायच्या भाषेत सांगितलं होतं, आणि मी टपालवाला असून मला ते वाचता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय कुदळ घेऊन ताईच्या मोकळ्या जागेत उतरली. मी थांबवायला गेलो नाही. दुपारपर्यंत वाफे तयार झाले.

ज्वालामुखीचे फोटो आता पिवळे पडलेत. निखिल, तुझे मोबाईलवरचे त्याहून शंभर पटीने चांगले येतील. ताई अजून तिथंच आहे, तिच्या आंब्याचं लोणचं कोणीतरी येता-जाता आणतं. तो काळा फोटो मायच्या देवघरात होता.

त्या दिवशी वाफ्यांत पाणी सोडताना मी मायला विचारलं होतं, "आता जागा मोकळीच हाये, तर इथं एक आंबा लावून टाकू का?"

मायने वर न बघता वांग्याचं रोप मातीत बसवलं. "ताईची जागा हाये ते," ती म्हणाली. "इथं वांगीच बरी."

माय होती तोवर दरवर्षी तिथं वांगीच लागली.