आतून मोजलेल्या खिडक्या

वायरमनकाका उद्या निवृत्त होणार होते. चौदा मजली कचेरीतला दिवा न् दिवा त्यांच्या हातचा, पण बायकोला विचाराल तर म्हणायची, "हे ना, ट्यूब बदलतात!" तिचं केस कापायचं दुकान चार गल्ल्या पलीकडे, तरी तीस वर्षांत ती इकडे फिरकली नव्हती. आज मात्र काका हटून बसले. तिनं एकदा तरी आपलं काम बघावं, एवढंच त्यांना हवं होतं.

कामही अजबच. संगणकवाल्या एका मुलीनं अख्ख्या इमारतीचा व्हिडिओ गेम करायचं मनावर घेतलं होतं. प्रत्येक खिडकीत एक दिवा आणि खाली चौकात बटणं. उजेडाच्या विटा वरून खाली येणार, त्या सरकवून ओळ भरायची; भरली की ती विझणार, आणि विटा वरपर्यंत साचल्या की खेळ खलास. एकशे अडुसष्ट दिवे काकांनी एकट्यानं लावले, नंबर घातले.

"म्हणजे इमारतीवर खेळायचं? ते कसं हो?" बायकोनं वाटेत चारदा विचारलं.

"चल तर, बघशीलच!"

अंधार पडला, दिवे पेटले आणि गर्दी "अरे वा!" म्हणते न म्हणते तोच घोळ झाला. डावं बटण दाबलं की वीट पळायची उजवीकडे! लोक पोट धरून हसायला लागले. काका मात्र पांढरेफटक पडले. जन्मभर खोलीत उभं राहून खिडक्या मोजलेल्या. नंबर डावीकडूनच घातले, पण आतून! बाहेरच्याला सगळंच उलटं. आणि हे नेमकं आजच, हिच्यासमोर!

"काका, दोन मिनिटांत सरळ करते," संगणकवाली म्हणाली.

"थांब गं जरा," म्हणत काकू पुढे सरसावली. आणि काय सांगू, तिची एक वीट चुकेल तर शपथ! ओळीमागून ओळ भरून विझायला लागली. हसणारे टाळ्या पिटू लागले.

"तुला कसं जमलं हे?" काका थक्क.

"आरशात बघून केस कापण्यात हयात गेली माझी. तिथं डावं-उजवं असंच असतं." बोलता बोलता तिनं मान वर केली. "अहो, या एवढ्या सगळ्या खिडक्यांत तुम्ही उभे होतात?"

"एकूण एक."

तिचे हात थांबले. विटा साचत गेल्या, खेळ संपला, तरी ती वरच बघत होती.

"यातल्या कुठून माझं दुकान दिसतं?"

काका जरा लाजले. "नववा मजला. डावीकडून चौथी. रोज तिथंच बसून डबा खायचो."

काकूनं डोळे पुसले आणि उजवीकडून मोजायला सुरुवात केली.