फुटपाथवर घ्या

जीप थांबली तेव्हा माझ्या अकरा मुली परळच्या रस्त्यावर उजव्या कडेने, एका ओळीत धावत होत्या. सकाळचे सहा वाजले होते.

"कोण पळवतंय यांना?" आतल्या साहेबांनी विचारलं. वय माझ्या मुलाएवढं.

माझे हात आपोआप मांड्यांना चिकटले. हवालदार म्हणून रिटायर होऊन चार वर्षं झालीत, पण खाकी दिसली की पाठ ताठ होतेच. आता मी भरतीच्या मुलींची रनिंगची तयारी करून घेतो. मैदान सदा कुठल्या ना कुठल्या प्रदर्शनाला दिलेलं, म्हणून रस्ता.

"मीच, सर. पोलीस भरतीच्या मुली आहेत."

"गाड्यांना त्रास होतो. फुटपाथवर घ्या. तो कशाला बांधलाय?"

डोंबलाचा फुटपाथ! उजव्या कडेने धावलं की समोरून येणारी गाडी दिसते, वेळेत बाजूला होता येतं. एवढंच शास्त्र. फुटपाथवर दर बिल्डिंगच्या गेटशी उतार, मध्येच गटाराचं झाकण, मध्येच सुटलेला पेव्हर ब्लॉक. चालणारा सावरतो. धावणाऱ्याचं सगळं वजन एका पायावर असतं. तेव्हा ब्लॉक हलला की घोटा गेलाच. नवीन मुलीला हे मी पहिल्याच दिवशी सांगतो.

साहेबांना नाही सांगितलं. "येस सर" म्हणालो.

प्रज्ञा जवळ आली. भोईवाड्यातली ही मुलगी दिवसभर मेडिकलच्या दुकानात उभी असायची. वयाची मर्यादा संपत आलेली, ही तिची शेवटची भरती. आठशे मीटरला सगळ्यांत पुढे. मैदानी चाचणीला नऊ दिवस उरले होते.

"सर, रस्ता बरा असं तुम्हीच शिकवलंत ना? मग बोला की त्यांना."

"उद्या वर्दी घालायचीय ना? मग ऑर्डर ऐकायला शीक," मी डाफरलो. "चल, चढ वर."

चढली बिचारी. दुसऱ्याच राउंडला एका बंद शटरसमोर ब्लॉक उलटला आणि ती कोसळली. लिगामेंट फाटलं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे पाय टेकायचा नाही.

चाचणीला दहा मुली गेल्या. मी प्रज्ञाच्या घरी गेलो. तिच्या आईने चहा दिला.

प्रज्ञाने विचारलं, "सर, ते साहेब तुमचे ओळखीचे होते?"

"नाही गं."

"मग घाबरलात कशाला? तुम्ही तर रिटायर आहात."

मला लाज वाटली. अजून वाटते.

आता मुली पुन्हा रस्त्यावर, उजव्या कडेनेच धावतात. अधूनमधून जीप थांबते. "साहेब, आधी तुम्ही त्या फुटपाथवर एक राउंड मारून दाखवा," मी म्हणतो. साहेब भडकतात, माझं नाव लिहून घेतात आणि निघून जातात. पुढे काही होत नाही.

तेव्हाही काही झालं नसतं.