ओंकारच्या शेजारची रिकामी चौकट

आधी चहा घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण मी जो घोळ घातला तो सांगताना मला अजून घाम फुटतो. त्यातला निम्मा दोष आयोजकांचा होता, हे मात्र मी मरेपर्यंत म्हणणार.

तीस वर्षं क्रीडा पत्रकारिता करतोय. कुस्ती, कबड्डी, क्रिकेट, टेनिस, सगळं. पण टेनिस म्हणजे सिंगल्स हं. डबल्स सुरू झालं की मी बातमी पाठवून घरी. त्या दिवशी सकाळीच माझा लेख आला होता, 'डबल्स : अर्ध्या कोर्टाचा खेळ'. लिहिली होती तीन पानं, छापून आले चार परिच्छेद. माझं वाक्य दिसलं की आमच्या डेस्कला कात्री सुचते. त्यातून जे वाचतं, ते वाचक पत्रं पाठवून खोडून काढतात. असो.

आणि त्याच दिवशी मुलाखत कुणाची? ओंकारची. आपला कर्वेनगरचा ओंकार. वय सदतीस, चौदा वर्षं नुसतं डबल्स खेळत जगभर फिरलेला. एवढी मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा घरच्या गावात पहिल्यांदाच खेळणार होता, बहुधा शेवटचीच. आई चार मैत्रिणींना घेऊन येणार होती.

वेळ साडेअकराची ठरलेली. मी कात्रजहून दोन बस बदलून वेळेत स्टेडियमवर पोचलो, तर ओंकार गायब. बसायला खुर्ची नाही, विचारायला माणूस नाही. पत्रकार काय रस्त्यावर पडलाय? तणतणत समोरच्या टेबलाशी गेलो. तिथे नाकावर चष्मा घेतलेल्या एक बाई, आणि त्यांच्यापुढे एक कागद. कागदावर ओळीने नावं नि सह्या.

आता तुम्हीच सांगा, पुण्यात सही केल्याशिवाय कुणी आत सोडतं का? सोसायटीत सख्ख्या मामाकडे जायचं तरी फाटकावर वही. कोण आलं, कोणाकडे आलं. इथे एका ओळीत ओंकारचं नाव होतं, शेजारची चौकट रिकामी. म्हणजे 'कोणाकडे' तयारच होतं, 'कोण' तेवढं लिहायचं बाकी. लिहिलं. खाली झोकदार सही ठोकली, शेपटीसकट.

बाईंनी कागद बघितला, मग मला. माझ्या पोटाशी नजर जरा थबकली.

"आपण ओंकारबरोबर?"

"हो. त्यानेच बोलावलंय."

त्यांनी पांढराशुभ्र टॉवेल आणि जेवणाचं कूपन पुढे केलं. पत्रकाराला टॉवेल! तीस वर्षांत पाहिला नव्हता. म्हटलं, सकाळच्या लेखाचा परिणाम दिसतोय.

बाराला तीन मिनिटं असताना ओंकार धावत आला. मागे घामाने निथळणारा, ताडमाड उंच पोर्तुगीज. ओंकारने पेन उचललं, कागद पाहिला आणि पांढराफटक पडला.

"हे कोण?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी टॉवेल गळ्यात टाकून त्यांच्याच थर्मासमधला चहा पीत होतो.

मग कळलं. ओंकारच्या नेहमीच्या जोडीदाराची पाठ आदल्या दिवशी धरली होती. अशा वेळी बाराच्या आत नवा जोडीदार आणायचा, दोघांच्या सह्या एकाच ओळीत हव्यात. ओंकारने सकाळीच सही करून ठेवली होती आणि या पोर्तुगीजाचा सिंगल्सचा सामना संपायची वाट बघत कोर्टाबाहेर उभा होता. बाराला मुख्य रेफरी येऊन खाली रेघ मारणार. रेघेनंतर देव आला तरी उपयोग नाही. आणि कागदाप्रमाणे ओंकारचा जोडीदार होतो मी. वय अठ्ठावन्न, गुडघा डावा, तोही दुखरा.

"मग खोडा की," मी म्हणालो.

"खाडाखोड चालत नाही. वर लिहिलंय."

खरंच लिहिलं होतं. ठळक. एका खेळाडूला एकच ओळ, हेही.

तेवढ्यात मुख्य रेफरी आले. मूळचे नागपूरचे, एका हातात पट्टी, दुसऱ्यात लाल पेन. म्हणाले, "काहून सही केली जी तुम्ही?"

मी काय केलं असेल? जे आयुष्यभर करत आलो तेच. भांडलो. नियम दाखवा, सूचना मराठीत का नाही, खुर्च्या का नाहीत. माझा आवाज चढला नि ओंकारने माझं कोपर धरलं. हात बर्फासारखा गार होता.

"सर, भांडण उद्या करू. दीड मिनिट उरलंय."

मी गप्प झालो. तुम्ही मला ओळखता, म्हणजे ही केवढी गोष्ट ते कळलं असेल.

रेफरींनी नियम सांगितला. खेळाडूची सही पक्की, खेळाडू नसलेल्याची बाद. "पण तुम्ही तर खेळाडूचा टॉवेल घेतला ना जी. लिहून द्या, खेळाडू नाही म्हणून."

मी कागद ओढला. 'गेली तीस वर्षे क्रीडा पत्रकारितेच्या क्षेत्रात निष्ठेने...'

"सर, प्रस्तावना नको."

खोडलं. 'सिंगल्समधील माझा अभ्यास सर्वश्रुत असला तरी...'

"चाळीस सेकंद," बाई म्हणाल्या.

पुन्हा खोडलं. शेवटी एकच ओळ लिहिली : 'मला टेनिस येत नाही.' खाली सही. बिनशेपटीची.

रेफरींनी ती ओठ हलवत, सावकाश वाचली. माझा जीव टांगणीला. मग माझ्या नावावर लाल काट मारली, पोर्तुगीजाने वर सही केली आणि पट्टी ठेवून खाली रेघ मारली गेली. घड्याळात बारा.

ओंकार तिथेच फरशीवर बसला. दम घेतल्यावर म्हणाला, "सर, सकाळच्या लेखापेक्षा हे चांगलं उतरलंय." बाईंनी माझ्या गळ्यातला टॉवेल काढून घेतला.

दुपारी मी जन्मात पहिल्यांदा डबल्सचा पूर्ण सामना पाहिला. चेंडू इतका झपझप जाळ्याशी फिरत होता की मला वहीत एक ओळ लिहिता आली नाही. तिसऱ्या सेटपर्यंत ओंकारच्या आईने पदराचं टोक चावून ओलं केलं होतं. जिंकले एकदाचे.

माझी चिठ्ठी मात्र रेफरींनी निर्णयाचा पुरावा म्हणून सूचनाफलकावर लावली. आठवडाभर होती. फोटोग्राफर मंडळींनी फोटो काढले, आमच्याच पेपरात पहिल्या पानावर छापूनही आला. डेस्कने एक अक्षर कापलं नाही. आणि तीस वर्षांत प्रथमच, माझं म्हणणं खोडून काढणारं वाचकाचं एकही पत्र आलं नाही.